सनदेच्या अलीकडचे काम : पॅरालीगल शिक्षण आणि कायद्याची कारकीर्द



पॅरालीगल अभ्यासक्रमाची जाहिरात वाचणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : हा अभ्यासक्रम पूर्ण झाला की न्यायालयात उभे राहून बाजू मांडता येते काय? या प्रश्नाचे उत्तर प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी मिळावयास हवे आणि ते नकारार्थी आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ नुसार देशात वकिली करण्याचा अधिकार एकाच वर्गाला आहे, तो म्हणजे नोंदणीकृत अधिवक्त्यांचा. त्या नोंदणीसाठी कायद्याची पदवी लागते. पॅरालीगल पदविका, मग ती कोणत्याही विद्यापीठाची असो, त्या पदवीची जागा घेऊ शकत नाही. न्यायालयाबाहेर बसून सल्ला देण्याचा व्यवसाय तरी करता येईल, असा अनेकांचा समज असतो. तोही खरा नाही. ए. के. बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की वकिलीचा व्यवसाय या संज्ञेत केवळ न्यायालयातील युक्तिवाद येत नाही, कायदेविषयक सल्ला देणे आणि दस्तऐवजांचे मसुदे करणे हेही येते. अधिकार नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्यास कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

एवढे ऐकल्यावर निम्मे श्रोते उठून जाण्याची शक्यता असते. परंतु खरा विषय इथूनच सुरू होतो.

भारतात वकिलीच्या खालच्या पायऱ्या पूर्वी नव्हत्या असे नाही. लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट, १८७९ मध्ये वकील, प्लीडर, मुखत्यार, महसूल-अभिकर्ता असे अनेक वर्ग होते. मुखत्याराला पदवी लागत नसे. एक परीक्षा उत्तीर्ण होऊन तो फौजदारी आणि महसुली कामे चालवीत असे. मुंबई इलाख्यात प्लीडरच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी लोकमान्य टिळकांनी पुण्यात लॉ क्लास चालविला होता, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय बार समितीने १९५३ च्या अहवालात पदवीधर नसलेल्या प्लीडर आणि मुखत्यारांची नवी भरती थांबविण्याची शिफारस केली. १९६१ च्या अधिनियमाने पुढे सर्व पायऱ्या मोडून एकच वर्ग ठेवला. व्यवसायाचा दर्जा त्यामुळे निश्चितच उंचावला. मात्र मुखत्यार जे किरकोळ, कागदोपत्री, गावपातळीवरचे काम करीत असे, ते काम काही संपले नाही. ते तहसील कचेरीसमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडे आणि वकिलाच्या कारकुनाकडे गेले. उत्तर भारतात या कारकुनाला मुन्शी म्हणतात आणि जिल्हा न्यायालयातील कोणती फाईल कोणत्या कपाटात आहे, हे कित्येकदा वकिलापेक्षा त्यालाच अधिक नेमके ठाऊक असते.

पॅरालीगल हा शब्द मात्र या परंपरेतून आलेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वकिलांचे काम वाढले आणि अशिलाचा खर्चही वाढला, तेव्हा अमेरिकन बार असोसिएशनने वकिलाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षित सहायकांचा विचार सुरू केला. १९७५ पासून ती संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देऊ लागली. तिथे पॅरालीगल हा वकिलाच्या कार्यालयातील पगारी कर्मचारी आहे. भारतात हा शब्द रुजला तो मोफत कायदेसाहाय्याच्या चळवळीत, आणि म्हणून त्याचा अर्थही वेगळा झाला. तिथे तो वकिलाचा सहायक, इथे प्रामुख्याने गरीब पक्षकाराचा. अमेरिकेतील वेतनाचे आकडे दाखवून भारतातील अभ्यासक्रमाची जाहिरात करणे हे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

या चळवळीचा पाया घटनेत आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. समान न्याय आणि मोफत कायदेसाहाय्य हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व ठरले. परीक्षार्थींची नेहमीची चूक इथेच होते. निदेशक तत्त्व न्यायालयात बजावता येत नाही, म्हणून मोफत कायदेसाहाय्य हा केवळ आदर्श आहे, असे उत्तरपत्रिकांत लिहिले जाते. वास्तविक १९७८ आणि १९७९ या दोन वर्षांतील निकालांनी या हक्काला अनुच्छेद २१ च्या, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काच्या कक्षेत आणले. त्यांतील तीन निकाल पॅरालीगलचे काम समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी आहेत, कारण त्यांत मोठे कायदेशीर कूटप्रश्न नव्हते. अडले होते ते कागदावर, जामिनदारावर आणि कोणाच्या तरी लक्षात येण्यावर.

पहिला निकाल १९७८ चा, एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. उच्च न्यायालयाचा निर्णय १९७३ चा होता आणि कैद्याचे सर्वोच्च न्यायालयातील अपील आले चार वर्षांहून अधिक उशिरा. निकालपत्राची प्रत वेळेवर मिळाली नाही, अशी त्याची तक्रार होती. हा कैदी निरक्षर नव्हता, उच्चशिक्षित होता. तरीही तुरुंगाच्या भिंतीआड एक प्रत त्याच्यापर्यंत पोहोचू नये! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्राची विनामूल्य प्रत वेळेत मिळणे आणि अपिलासाठी कायदेसाहाय्य मिळणे हे न्याय्य कार्यपद्धतीचे घटक असल्याचे ठरविले. दुसरा निकाल त्याच महिन्यातील, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम हा गवंडी. जामीन मंजूर झाला, पण दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामिनदार मागितला आणि पुढे आलेला जामिनदार दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही गोष्टींवर कठोर टीका केली. तिसरा निकाल १९७९ चा, हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य. मूळचे कामठीचे पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधील तुरुंगांना भेट देऊन इंडियन एक्सप्रेसमध्ये लिहिलेल्या लेखांवरून ॲड. पुष्पा कपिला हिंगोराणी यांनी ही याचिका केली. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याविना तुरुंगात काढलेले स्त्री-पुरुष या याचिकेमुळे उजेडात आले. त्यांच्या कोठडीतील दिवसांची बेरीज तोपर्यंत कोणी केलीच नव्हती.

या पार्श्वभूमीवर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला. तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, आणि म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि तालुका अशी त्याची रचना आहे. कलम १२ मधील यादी परीक्षेसाठी पाठ करावी लागतेच, पण तिच्यातील एक बारकावा नजरेतून सुटू नये : स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा स्वतंत्र गट म्हणून येते आणि ती राज्यागणिक निराळी आहे.

वकिलांची यादी तयार झाली तरी गरजू माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे पुढील वर्षांत दिसून आले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, २००९ मध्ये पॅरालीगल स्वयंसेवक योजना आणली ती या दरीसाठी. मराठीत त्यांना विधी स्वयंसेवक म्हटले जाते. साधारण दहावीपर्यंतचे शिक्षण पुरेसे मानले गेले. शिक्षक, सेवानिवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, महिला बचतगटांच्या सदस्या यांच्यासह दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे सुशिक्षित कैदीही या योजनेत येऊ शकतात. शेवटचा गट वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. बराकीत रात्रंदिवस राहणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कैद्याच्या अडचणी कोणाला कळणार, हा त्यामागील साधा विचार आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणाने पाहता येईल. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून हजारो तरुण सुरतेच्या यंत्रमागांवर कामाला जातात. त्यांपैकी एकाला किरकोळ चोरीच्या आरोपाखाली अटक झाली, असे समजू. न्यायालयाने पंचवीस हजार रुपयांच्या स्थानिक जामिनदारावर जामीन मंजूर केला. आदेश झाला, वकिलाचे काम संपले आणि तरुण मात्र तुरुंगातच राहिला, कारण सुरतेत त्याच्यासाठी जामीन राहणारे कोणी नाही आणि गंजाममधील घरी त्याच्या अटकेची वार्ताही नाही. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच स्थितीसाठी निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलने तुरुंगाकडे जावी; सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे; सचिवाने कैद्याला भेटण्यासाठी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीचा वकील पाठवावा. स्थानिक जामिनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याने न्यायालयांनी शक्यतो तशी अट घालू नये, असेही त्यात म्हटले आहे. महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते.

त्या तरुणासमोर बसलेल्या स्वयंसेवकाने करावयाचे काय? ओडिया समजणारा दुभाषी शोधावा. घरचा पत्ता, भावाचा दूरध्वनी क्रमांक, मुकादमाचे नाव मिळवावे. घरच्या जिल्ह्यातील प्राधिकरणाला कळवून कुटुंबाची सांपत्तिक स्थिती दर्शविणारी माहिती मागवावी. तिचा अहवाल करून कायदेसाहाय्याच्या वकिलाकडे द्यावा, म्हणजे तो अट शिथिल करण्याचा अर्ज करू शकेल. यांतील एकाही कृतीला सनद लागत नाही. मात्र प्रत्येक कृतीला कायद्याचे अचूक ज्ञान लागते, कारण चुकीच्या न्यायालयात चुकीचा अर्ज गेला तर आणखी महिना जातो आणि तो महिना तुरुंगातील असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेला न्यायाधीन बंदी जामिनावर सुटण्यास पात्र होतो. पूर्वी कोणताही गुन्हा सिद्ध न झालेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, तसेच एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तरही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांतील बंदींनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा कोणाचा एक तृतीयांश काळ केव्हा भरतो, त्याच्यावर दुसरे प्रकरण आहे काय, हे नोंदवही घेऊन मोजणारे कोणीतरी लागते. १९७९ मध्ये बिहारमध्ये जी बेरीज कोणी केली नव्हती, ती हीच.

तुरुंगाबाहेरही कामाचा पसारा मोठा आहे. हरवलेल्या बालकांच्या तक्रारींसाठी पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत दिले. २०१७ पासूनच्या टेली-लॉ उपक्रमात सामाईक सेवा केंद्रांतून गावकऱ्याची वकिलाशी गाठ घालून देण्याचे काम हेच स्वयंसेवक करतात. लोकअदालतीसाठी पक्षकारांना तयार करणे हेही त्यांचेच काम, आणि ते जबाबदारीचे. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. तडजोडीवर अंगठा उमटविण्यापूर्वी पोटगी मागणाऱ्या स्त्रीला एवढे एक वाक्य समजावून सांगितले गेले की नाही, यावर तिची पुढील कित्येक वर्षे अवलंबून असतात.

आता शिक्षणाकडे वळता येईल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिस पदविका बारावीनंतर किमान एका वर्षात करता येते. भारतीय कायदाव्यवस्था, दुर्बल घटकांविषयीचे कायदे आणि ग्रामीण स्वराज्यसंस्था यांवर तिचा भर आहे. इतरही विद्यापीठे आणि खासगी संस्था प्रमाणपत्र व पदविका देतात. त्यांचा दर्जा समान नाही. एखाद्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अर्ज लिहावयास लावतात काय, न्यायालय, पोलीस ठाणे आणि तहसील कचेरी दाखवितात काय, एवढी चौकशी केली तरी निवड सोपी होते. जमिनीच्या कागदांचे उदाहरण पुरेसे आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सातबारा, उत्तर प्रदेशात खतौनी, तामिळनाडूत पट्टा, तेलंगणात पहाणी. पाठ्यपुस्तक देशभर एक असू शकते. कागद मात्र प्रत्येक राज्याचा आपला असतो आणि तो वाचता आल्याखेरीज वारसाहक्काचे साधे प्रकरणही पुढे सरकत नाही.

अर्थार्जनाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. विधी स्वयंसेवकाला कामाच्या दिवसापुरते मानधन मिळते. ही नोकरी नव्हे आणि पक्षकाराकडून पैसा घेण्यास सक्त मनाई आहे. शासनाने एवढे मोलाचे काम केवळ स्वयंसेवेवर सोपवावे काय, हा प्रश्न रास्त आहे. पगाराच्या जागा वकिलांच्या मोठ्या कार्यालयांत, बँकांच्या कर्जवसुली विभागांत, गृहबांधणी कंपन्यांत आणि परदेशी कंपन्यांसाठी कायदेविषयक दस्तऐवज तपासणाऱ्या संस्थांत असतात. तिथेही पदवीधराला झुकते माप मिळते. म्हणून बारावीनंतर केवळ या पदविकेवर विसंबणे धोक्याचे आहे. पदवीच्या शिक्षणासोबत किंवा विधी महाविद्यालयाच्या प्रवेशाची वाट पाहताना ती करणे अधिक शहाणपणाचे.

पुढची वाट ठरलेली आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, तोही नियमित महाविद्यालयात. दूरशिक्षणाने मिळविलेली कायद्याची पदवी सनदेसाठी चालत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रवेशासाठी किमान गुण खुल्या प्रवर्गास ४५, इतर मागासवर्गास ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के आहेत. नोंदणीचे शुल्क काही राज्यांत हजारोंच्या घरात गेले होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात कायद्यातील ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, याहून अधिक नोंदणीशुल्क घेण्यास राज्य बार कौन्सिलांना मनाई केली. गरीब घरातील विद्यार्थ्यासाठी या निकालाचे मोल पाठ्यपुस्तकातील अनेक गाजलेल्या निकालांहून अधिक आहे. नोंदणीनंतरची अखिल भारतीय बार परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला.

न्यायिक सेवेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी २० मे २०२५ चा निर्णय पाहावा. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने त्यात पुन्हा आणली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजावयाची असून न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेले कामही धरावयाचे आहे. विधी स्वयंसेवक म्हणून घालविलेली वर्षे त्यात मोजली जात नाहीत. ज्यांचा तसा समज असेल त्यांनी तो वेळीच सोडावा. पण तीन वर्षांची ही अट ज्या कारणासाठी आली, ते कारण, म्हणजे न्यायालयाचे दैनंदिन वास्तव ठाऊक असणे, ते विधी स्वयंसेवकाला पदवी हाती येण्यापूर्वीच भेटलेले असते.

इच्छुकाने आपल्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे चौकशी करावी. निवड झाल्यावर प्रशिक्षण तेच देतात आणि ओळखपत्रही. नालसाची १५१०० ही मदतवाहिनी कशी चालते, तेही याच कार्यालयात पाहावयास मिळते. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे काम अधिवक्ता म्हणून नोंदणी होईपर्यंतच करता येते. सनद हाती आली की स्वयंसेवकांच्या यादीतून त्याचे नाव जाते. कायदेसाहाय्याच्या वकिलांच्या यादीत यावयाचे तर नालसाच्या २०१० च्या विनियमांनुसार साधारणपणे तीन वर्षांचा वकिलीचा अनुभव लागतो. मधली तीन वर्षे तो तुरुंगाच्या त्याच फाटकातून आत जाईल ते अशिलाचे वकीलपत्र घेऊन.